मैदान कोणाचे?

जानेवारी २०२४ च्या पहिल्या आठवड्यात सोलापूरच्या पार्क मैदानावर महाराष्ट्र आणि मणिपूर यांच्यात रणजी करंडकाचा सामना झाला आणि प्रदीर्घ खंडानंतर या शहराने प्रथम श्रेणीचे क्रिकेट पुन्हा आपल्या डोळ्यांनी पाहिले. त्याच मोसमात आदल्या वर्षीचा विजेता सौराष्ट्राचा संघही येथे खेळून गेला, आणि सामना जिंकूनही गेला. कागदोपत्री या मैदानाचे नाव इंदिरा गांधी स्टेडियम असे आहे. सोलापूरकरांच्या तोंडी मात्र ते पार्कच राहिले आहे. स्मार्ट सिटी योजनेच्या जानेवारी २०१६ मधील पहिल्या यादीत ज्या वीस शहरांची निवड झाली त्यांत सोलापूर होते, आणि त्या योजनेतून जी कामे झाली त्यांत या मैदानाचे नूतनीकरण हे डोळ्यांत भरणारे काम होय. हिरवळ आली, खेळपट्ट्या आल्या, पॅव्हेलियनचे रूप पालटले. असे झाले म्हणजे एक अपेक्षा ओघानेच पुढे येते. येथे आंतरराष्ट्रीय सामना केव्हा होणार?

अपेक्षा गैर नाही. २०११ च्या जनगणनेनुसार साडेनऊ लाख वस्तीच्या शहराने एखाद्या मोठ्या सामन्याची आस धरावी यात आश्चर्य कसले? परंतु आंतरराष्ट्रीय सामना म्हणजे मैदानाच्या प्रगतीची परमावधी, असे जे गृहीत धरले जाते ते एकदा तपासून पाहण्यासारखे आहे. मोठा सामना मैदानाला नेमके काय देतो, आणि तो आटोपल्यावर मैदान कोणाच्या हाती उरते, या प्रश्नांची उत्तरे अन्यत्र मिळून चुकली आहेत. काही दूरच्या हॉलंडात मिळाली, काही आपल्याच मुंबई-पुण्यात.

हॉलंडचे नाव क्रिकेटच्या संदर्भात घेतले की आपल्याकडे हसू येते. फुटबॉल, हॉकी आणि बर्फावरील शर्यती यांत रमणारा हा देश. पण तेथील क्रिकेट संघटना १८८३ साली स्थापन झाली आहे. ऑगस्ट १९६४ मध्ये इंग्लंडचा दौरा आटोपून हेगला आलेल्या ऑस्ट्रेलियन संघाला डच खेळाडूंनी एका दिवसाच्या सामन्यात तीन गडी राखून हरविले होते. तो काळ चटईवरच्या खेळपट्टीचा. हिवाळ्यात जेथे फुटबॉल चालायचा तेथेच उन्हाळ्यात काथ्याची चटई अंथरून क्रिकेट खेळायचे, हा तेथील परिपाठ. दख्खनच्या कोरड्या मुलखात मॅटवर खेळून मोठ्या झालेल्या पिढ्यांना हे चित्र अपरिचित वाटू नये.

अ‍ॅमस्टरडॅमला लागून असलेल्या अ‍ॅमस्टलवीन या लहानशा शहरात, माणसांनी मुद्दाम लावलेल्या एका विस्तीर्ण वनात, व्हीआरए नावाच्या क्लबाचे मैदान आहे. हॉलंडच्या भूमीवरील पहिला अधिकृत एकदिवसीय आंतरराष्ट्रीय सामना २६ मे १९९९ रोजी याच मैदानावर झाला. इंग्लंडने भरविलेल्या विश्वचषकातील दक्षिण आफ्रिका विरुद्ध केनिया असा तो सामना होता. क्लुसनरने २१ धावांत पाच बळी घेऊन केनियाचा डाव गुंडाळला. यातील मौज अशी की, त्या विश्वचषकात खुद्द हॉलंडचा संघ नव्हताच. यजमानांना मैदान मिळाले, सामना मिळाला, आपला संघ तेवढा मिळाला नाही. ऑगस्ट २००४ मध्ये भारत, पाकिस्तान आणि ऑस्ट्रेलिया यांची तिरंगी स्पर्धा येथेच भरली. तिला नाव होते व्हिडिओकॉनचे, म्हणजे औरंगाबादेत वाढलेल्या एका उद्योगाचे. मराठवाड्यात कमावलेला पैसा डच पावसात भिजायला गेला, असे त्या स्पर्धेविषयी म्हणता येईल, कारण पावसाने तिची पार दुर्दशा केली. तेव्हाही यजमान संघ बाहेरच होता.

डच संघाला स्वतःच्या भूमीवर एकदिवसीय आंतरराष्ट्रीय सामना खेळण्याचा अधिकार मिळाला तो २००६ साली, आणि त्या पदार्पणाची किंमत जबर होती. ४ जुलै २००६ रोजी श्रीलंकेने अ‍ॅमस्टलवीनला ९ बाद ४४३ धावा ठोकल्या. तो त्या वेळचा जागतिक विक्रम ठरला. जयसूर्याच्या १५७ होत्या. (४४३ हा आकडा मराठी क्रिकेटप्रेमींना वेगळ्याच कारणाने पाठ आहे. १९४८ च्या डिसेंबरात पुण्यात भाऊसाहेब निंबाळकर काठियावाडविरुद्ध एवढ्याच धावांवर नाबाद राहिले होते, आणि ते एकट्याने.) पुढे १७ जून २०२२ रोजी इंग्लंडने त्याच मैदानावर ४ बाद ४९८ धावा करून एकदिवसीय सामन्यांतील सर्वोच्च धावसंख्येचा नवा विक्रम केला. त्या दिवशी षटकारांचे चेंडू सीमेपलीकडच्या झाडीत जाऊन पडत आणि क्षेत्ररक्षक झुडपांत वाकून ते शोधत, हे दृश्य जगभर पाहिले गेले. आपल्याकडे असे घडते तर संयोजकांच्या नावाने ओरड झाली असती. तेथे कोणाला त्यात वावगे वाटले नाही, कारण मैदान आहे ते तसेच आहे. पाहुणा संघ मोठा आहे म्हणून ते एका दिवसापुरते वेगळे झाले नव्हते.

मुद्दा नेमका हाच आहे. डच मैदाने बहुतांशी क्लबांच्या ताब्यात आहेत. आंतरराष्ट्रीय सामना आला की फळ्यांचे आणि लोखंडी सांगाड्यांचे तात्पुरते मंच उभारले जातात, तंबू ठोकले जातात, आणि सामना आटोपला की सारे उतरवून नेले जाते. पुढच्या शनिवार-रविवारी त्याच हिरवळीवर क्लबाचे सभासद आणि त्यांची मुले खेळायला हजर. रॉटरडॅमच्या हाझेलारवेग मैदानावर जुलै २००७ मध्ये डच महिलांनी दक्षिण आफ्रिकेशी कसोटी सामना खेळला; त्या देशाच्या वाट्याला आलेला तो एकमेव कसोटी सामना. तो सामनाही एका क्लबाच्या घरीच झाला. क्लबाला सामन्याने मान मिळतो, थोडे पैसे मिळतात, खेळपट्टीची निगा राखण्याचे शास्त्र शिकायला मिळते. पण क्लबाचे अस्तित्व त्या सामन्यावर अवलंबून नसते. दहा वर्षे एकही मोठा सामना आला नाही तरी मैदान ओस पडणार नाही, अशी ती घडी आहे. उलट, डच संघाने १७ ऑक्टोबर २०२३ रोजी धरमशाळेत दक्षिण आफ्रिकेला विश्वचषकात हरविले, ते याच लहान मैदानांच्या जोरावर. त्याच विश्वचषकात ८ नोव्हेंबरला हा संघ पुण्याजवळ गहुंजे येथे इंग्लंडशी खेळला व १६० धावांनी हरला. झाडीत चेंडू शोधणारे खेळाडू त्या दिवशी महाराष्ट्रातील सर्वांत खर्चिक मैदानांपैकी एकावर उतरले होते.

गहुंजेचा उल्लेख आलाच आहे, तर ते मैदान का उभे राहिले हेही सांगितले पाहिजे. पुण्यात स्वारगेटजवळ महापालिकेचे नेहरू स्टेडियम होते आणि आहे. ५ डिसेंबर १९८४ रोजी भारत-इंग्लंड सामन्याने तेथील एकदिवसीय सामन्यांची सुरुवात झाली. वेंगसरकरांचे शतक गॅटिंगच्या शतकाने झाकोळले आणि इंग्लंडने सामना जिंकला. २९ फेब्रुवारी १९९६ रोजी याच मैदानावर केनियाने वेस्ट इंडीजला ९३ धावांत गुंडाळून विश्वचषकाच्या इतिहासातील एका मोठ्या धक्क्याची नोंद केली. नोव्हेंबर २००५ मध्ये श्रीलंकेविरुद्धचा सामना झाला, आणि तो येथला अखेरचा एकदिवसीय आंतरराष्ट्रीय सामना ठरला. मैदान पालिकेचे, सामना संघटनेचा, आणि तंटा तिकिटांच्या व पासांच्या वाटपाचा! त्यातून संघटनेने शहराबाहेर, द्रुतगती महामार्गालगत, स्वतःचे मैदान बांधायचे ठरविले.

मुंबईतही हेच घडले होते. ब्रेबोर्न मैदान क्रिकेट क्लब ऑफ इंडियाचे; सामन्याचे यजमानपद मुंबईच्या क्रिकेट संघटनेचे; प्रेक्षकांच्या जागा कोणी किती घ्याव्या यावरून वितुष्ट. परिणामी अवघ्या काही फर्लांगांवर वानखेडे स्टेडियम उभे राहिले, जानेवारी १९७५ मध्ये तेथे पहिला कसोटी सामना झाला, आणि ब्रेबोर्नवर पुन्हा कसोटी सामना होण्यास २००९ चा डिसेंबर उजाडावा लागला. महाराष्ट्रातील दोन मोठी क्रीडांगणे खेळाच्या निकडीपेक्षा पासांच्या वाटपाने बांधायला लावली, असे म्हटले तर ते कटू असेल, खोटे नाही.

गहुंजेचा पुढचा इतिहास सोलापूरने विशेष लक्ष देऊन वाचावा. २०१२ मध्ये तेथे पहिला आंतरराष्ट्रीय सामना झाला. मैदानाला सहाराचे नाव देण्याचा दोनशे कोटींच्या वरचा करार झाला. ठरलेले पैसे आले नाहीत म्हणून २०१३ मध्ये ते नाव उतरविण्यात आले. बांधकामासाठी काढलेली कर्जे मात्र उतरली नाहीत. २०१८ च्या प्रारंभी थकबाकीपोटी बँकांनी मैदानाचा प्रतीकात्मक ताबा घेतल्याचे जाहीर केले. ज्या मैदानावर भारताचा संघ खेळतो त्याच्यावर बँकेची नोटीस, हे दृश्य कोणत्याही संघटनेला भूषणावह नव्हते. मोठ्या मैदानाला वर्षातून दोन-तीन मोठे सामने पुरत नाहीत. त्याच्या दिव्यांचा, हिरवळीचा, पहाऱ्याचा आणि व्याजाचा खर्च तीनशे पासष्ट दिवस चालू असतो, आणि भारतात मैदाने इतकी झाली आहेत की सामने फिरतीने वाटून द्यावे लागतात. २०१६-१७ च्या एका मोसमात सहा नवी कसोटी केंद्रे सुरू झाली, त्यांत पुणेही होते. ती वाढली तसा प्रत्येकाचा वाटा घटला. सातव्या-आठव्या पाहुण्याला पंगतीत बसवता येते, पण वाढपी तितकेच असतात.

आता पाण्याचे. सोलापूरपुरता हा प्रश्न सर्वांत आधी यायला हवा होता. अ‍ॅमस्टलवीनचे ते वन समुद्रसपाटीखालच्या जमिनीवर आहे. तेथे चिंता असते ती पाणी बाहेर काढण्याची. सोलापूरला पाणी आणावे लागते, तेही भीमेवरील उजनी धरणातून, शंभराहून अधिक किलोमीटरच्या जलवाहिनीने. ज्या शहराने वर्षानुवर्षे तीन-चार दिवसांआड, उन्हाळ्यात त्याहूनही उशिरा, नळाला पाणी आलेले पाहिले आहे, तेथे हिरवळीवर फवारे चालू असलेले पाहून पायरीवर घागरी मांडून बसलेल्या गृहिणीला काय वाटेल, हा विचार क्रीडाप्रेमींनाही करावा लागेल. एप्रिल २०१६ ची आठवण अजून ताजी आहे. मिरजेहून लातूरला पाण्याची आगगाडी निघाली, ती पंढरपूर, कुर्डुवाडी, बार्शी या सोलापूर जिल्ह्यातील स्थानकांवरूनच गेली. त्याच आठवड्यात मुंबई उच्च न्यायालयाने आयपीएलचे ३० एप्रिलनंतरचे सामने महाराष्ट्राबाहेर हलविण्याचा आदेश दिला. त्या आदेशाने दुष्काळ हटला नाही, हे खरे. पण मैदानाचे पाणी हा सार्वजनिक प्रश्न आहे एवढे त्याने कायमचे ठरवून दिले. शुद्ध न केलेले पाणी मैदानाला देऊ नये, सांडपाणी प्रक्रिया करून ते वापरावे, आणि त्याचा हिशेब लोकांसमोर असावा, ही अट सोलापूरच्या मैदानाला इतर कोणत्याही मैदानाआधी लागू पडते.

क्रिकेटच्या दृष्टीने सोलापूरला उणीव आहे ती कसली? गुणांची तर नाही. पॉली उम्रीगरांचे बालपण या शहरात गेले. वडिलांचा कापडाचा धंदा येथला होता. कुटुंब मुंबईला गेले आणि पुढचा इतिहास मुंबईच्या खाती जमा झाला. ५९ कसोटी सामने, ३६३१ धावा, १२ शतके, आणि १९५५ मध्ये हैदराबादला न्यूझीलंडविरुद्ध २२३ धावा काढून भारतातर्फे कसोटीतील पहिले द्विशतक, ही त्यांची मिळकत. सोलापूरला त्यातले काही लाभले ते आठवणींपुरते. गेल्या काही वर्षांतील दोन उदाहरणे याहून बोलकी आहेत. माळशिरस तालुक्यातील मिरे गावच्या किरण नवगिरे हिने २०२२ साली वीस षटकांच्या सामन्यात नाबाद १६२ धावा फटकावल्या. एवढी मजल तोवर कोणाही भारतीय खेळाडूने मारली नव्हती. त्याच वर्षी सप्टेंबरात ती इंग्लंडमध्ये भारताकडून खेळली. परंतु त्या १६२ धावा तिने काढल्या त्या नागालँडच्या संघाकडून! भीमा-नीरेच्या काठची मुलगी हिंदुस्थानच्या पूर्व टोकाच्या राज्यासाठी खेळत होती, कारण खेळायला मिळाले ते तेथे. दुसरा अर्शिन कुलकर्णी. सोलापूरच्या या मुलाने २०२३ च्या महाराष्ट्र प्रीमियर लीगमध्ये ५४ चेंडूंत ११७ धावा करून नाव मिळवले आणि २०२४ च्या एकोणीस वर्षांखालील विश्वचषकात तो भारताकडून खेळला. त्याच्याही खेळावर नजर पडली ती पुण्याच्या वाटेवर.

सोलापूर आणि पुणे यांत सुमारे अडीचशे किलोमीटरचे अंतर आहे. हुतात्मा एक्सप्रेसने पहाटे निघून रात्री परतणाऱ्या मुलांच्या पिशव्यांत बॅट-पॅड असतात, आणि त्यांच्या सोबत रजा टाकून निघालेले बाप असतात. ज्यांना रजा मिळत नाही, किंवा रजेचा पगार कापला जातो, त्यांची मुले निवड चाचणीलाच पोहोचत नाहीत. यंत्रमागावर, विडीच्या कारखान्यात राबणाऱ्या घरांतून किती फलंदाज आणि गोलंदाज असेच वाया गेले, याची नोंद कोणत्याही धावफलकावर सापडणार नाही. एका आंतरराष्ट्रीय सामन्याने यांतल्या एकाही मुलाचा प्रवास वाचत नाही. दरसाल दोन रणजी सामने, त्यांच्या जोडीला वयोगटांचे आणि महिलांचे राज्य सामने, आणि मुख्य म्हणजे जिल्ह्याच्या निवड चाचण्या सोलापुरातच झाल्या, तर तो वाचतो. निवड समितीचे सदस्य गाडीत बसून इकडे येतील. त्यांचे भाडे संघटना देते. मुलांचे भाडे बाप देतो.

रणजी सामन्याचे आणखी एक सामर्थ्य आहे, ज्याची दखल घेतली जात नाही. ते चार दिवस चालते, त्याला तिकिटाचा अडसर जवळजवळ नसतो, आणि ते जवळून पाहता येते. शाळा सुटल्यावर येणाऱ्या विद्यार्थ्याला फिरकी गोलंदाज चेंडू कसा पकडतो, यष्टिरक्षक पाय कसे हलवतो हे तीस-चाळीस पावलांवरून दिसते. दूरचित्रवाणीच्या पडद्यावर दिसते त्याहून हे वेगळे शिक्षण आहे. शिक्षकांनी ठरविले तर एखादा वर्ग दुपारच्या सत्राला तेथे नेता येतो. आंतरराष्ट्रीय सामन्याला नेता येणार नाही, कारण तेथे पासच मिळणार नाहीत. पासांविषयी पुणे-मुंबईचा अनुभव वर आलाच आहे.

यावर असे म्हटले जाईल की मोठा सामना आला की हॉटेले येतात, रस्ते सुधारतात, विमाने उतरतात. या युक्तिवादात तथ्य नाही असे नाही. सोलापूरहून गोव्याला विमानसेवा सुरू झाली ती जून २०२५ मध्ये, अनेक वर्षांच्या प्रतीक्षेनंतर, आणि त्याआधी धावपट्टीच्या मार्गातील साखर कारखान्याची चिमणी पाडावी लागली. पण ती चिमणी क्रिकेटसाठी पडली नाही, आणि विमान क्रिकेटसाठी थांबलेले नव्हते. शहराच्या सुविधा शहरासाठी हव्यात. त्या झाल्या तर सामना येईल तेव्हा येवो. अ‍ॅमस्टलवीनला विमानतळ शेजारीच आहे, म्हणून काही तेथे दर महिन्याला आंतरराष्ट्रीय सामना होत नाही.

पार्क मैदान महापालिकेच्या मालकीचे आहे, आणि त्यामुळे त्याचा प्रत्येक करार हा करदात्याचा करार आहे. पालिका मैदान चालवू शकत नाही, क्रिकेट संघटनेकडे ते ज्ञान आहे, म्हणून संघटनेच्या सहकार्याशिवाय गत्यंतर नाही, हे मान्य. खेळपट्टी ही केवळ माती टाकून रोलर फिरवल्याने होत नसते. सोलापूरची काळी माती वाळली की भेगाळते, ओली झाली की चिखल होते. तिच्यातून चार दिवस टिकणारी बावीस यार्डांची पट्टी तयार करणे हे पिढ्यांचे कसब आहे. ते कसब असलेल्या माळ्याला कायम नेमणूक हवी, कंत्राटाच्या अकरा महिन्यांची नव्हे. पण सहकार्य म्हणजे स्वाधीन करणे नव्हे. वर्षातले किती दिवस मैदान शाळांच्या स्पर्धांना, किती दिवस स्थानिक क्लबांना, किती दिवस पहाटे धावायला येणाऱ्या पोलीस भरतीच्या उमेदवारांना खुले राहील, हे आधी ठरवून फलकावर लावावे, आणि उरलेले दिवस संघटनेला द्यावेत. आपल्याकडे क्रम उलटा असतो. नूतनीकरण झाले की पहिली गोष्ट बदलते ती फाटक. त्यावर कुलूप येते, मग शुल्क येते, आणि ज्या मुलांनी त्या मातीत रबरी चेंडू खेळून गुडघे फोडले होते ती मुले रस्त्यावर येतात. सभा आणि प्रदर्शने यांना मात्र तेच फाटक उघडते. अशा दोन सभांच्या मंडपाच्या खड्ड्यांनी सहा महिन्यांची हिरवळ जाते, याचा हिशेब पालिकेच्या अंदाजपत्रकात कोठेच दिसत नाही.

जूनमध्ये पाऊस पडला की खेळपट्ट्या झाकाव्या लागतात, सप्टेंबरात उघडून त्यांवर माती चढवावी लागते, आणि ऑक्टोबरात रोलर फिरू लागला तर कुठे डिसेंबरच्या सामन्यासाठी पट्टी तयार होते. हे वेळापत्रक ना राजकीय आहे, ना स्मार्ट. पालिकेने संघटनेशी बोलणी करायचीच असतील तर ती हिवाळ्यातल्या उद्घाटनाच्या आदल्या आठवड्यात न करता मे महिन्यात करावीत, आणि पहिल्या पानावर सामन्यांची संख्या लिहिण्यापूर्वी माळ्यांची संख्या लिहावी.